एक, दोन, अडीच

मुरबाड, १७ जून २००४

दामू,

पत्राच्या डोक्यावर काय लिहावं ते सुचत नाही. डोळखांबच्या शाळेत गुरुजींनी मायने शिकवले ते दोनच, एक वडीलधाऱ्यांना आणि एक मित्राला. ज्या मित्राची मुलगी गेली आहे आणि ज्याच्याशी आपण दोन वर्षं बोललेलो नाही, त्याला काय लिहायचं हे त्यांनी शिकवलं नाही. म्हणून नुसतं दामू.

तुझं कार्ड मिळालं. मास्तरांकडून लिहून घेतलंस ते अक्षरावरून कळलं, पण बोल तुझेच. 'जिवलीच्या लग्नाची फिलम दे. घरात तिचा एक फोटो नाय. सकू विचारते.' तीन वाक्यं. मी ती दिवसभर खिशात घेऊन फिरलो.

दहाव्याला मी यायला हवं होतं. लग्नसराई होती, रोज कुठे ना कुठे ऑर्डर होती. जिवलीला बाळंतपणाला घेऊन वैशाखऱ्याहून जीप निघाली आणि टोकावडं यायच्या आत सगळं संपलं, आई आणि बाळ दोघंही, हे मला एसटी स्टँडवर कळलं. मी तिथेच बाकावर बसून राहिलो आणि ज्या लग्नाला निघालो होतो तिथे उशिरा पोचलो.

एक फोटो नाही हे खरं आहे, आणि ते माझ्यामुळे. तुझ्या अंगणात उभा राहून मीच म्हणालो होतो की फोटोग्राफर वेगळा कशाला, आता माझ्याकडे कॉम्प्युटर आहे, व्हिडिओतून हवे तेवढे फोटो काढता येतात. सकुबाई म्हणाली होती, "भावजी सांगतात तर तसंच." मी फुकट करून देतो म्हटल्यावर तुला बोलायला तोंड उरलं नव्हतं.

तर फिल्म आहे. कॉम्प्युटरमध्ये आहे. तुला ते कसं समजावू? आपलं आठव. माझ्या पुढच्या खोलीत दोन व्हीसीआर, एक दाखवणारा आणि एक उतरवून घेणारा. मी बोट दाखवायचो आणि तू कळेवरचा अंगठा उचलायचास. यंत्राला गती घ्यायला वेळ लागतो हे कंपनीच्या पुस्तकात नव्हतं, ते तू शोधलंस. एक, दोन, अडीच, आणि मग चित्र पकडायचं. तिनाला सोडलं की पुढचा हुंदका निम्मा जायचा, दोनाला सोडलं की पडद्यावर पांढरी रेघ यायची. अडीच म्हणजे अडीच. मी म्हणायचो, दामूला मात्रा कळतात, वृत्त कळत नाही एवढंच. अकरा वर्षं त्या अंगठ्यावर 'पहाट व्हिडिओ' चाललं.

आता तसं नसतं. टेप एकदा कॉम्प्युटरमध्ये ओतली की सगळं लग्न पडद्यावर खाली पट्टीसारखं पसरतं, अंगणात भात वाळत घालावं तसं. पाठवणी आधी, हळद नंतर, जे हवं ते उचलून हवं तिथे ठेवायचं. चुकलं तर एक कळ दाबली की चूक झालीच नव्हती असं होतं. आपली कॉपीची कॉपी फिकी पडायची, माणसांच्या तोंडावर धुकं यायचं. इथे शंभरावी कॉपी पहिल्यासारखीच असते. हे सगळं मी तुला दोन वर्षांपूर्वी नीट सांगायला हवं होतं. मी फक्त एवढंच म्हणालो की आता तुझ्या अंगठ्याचं काम उरलं नाही. तू चपला घातल्यास आणि किन्हवलीची गाडी पकडलीस.

महिनाभर दे. जिवलीची फिल्म मी माझ्या हाताने करीन.

कमळाकर


मुरबाड, ५ ऑगस्ट २००४

दामू,

तुझं दुसरं कार्ड आलं. लावणी उरकली का? इथे पाऊस आणि वीज दोघं एकमेकांना चुकवत येतात.

उशीर झाला आहे, पण तो माझ्या आळसाचा नाही. हे सॉफ्टवेअर म्हणजे हुशार आणि नाजूक पोर आहे. सगळं सजवलं की ते म्हणतं, आता मला एकटं सोडा. मग प्रत्येक चित्र ते स्वतःशी घोटत बसतं, त्याला रेंडर म्हणतात. एका तासाच्या लग्नाला सात-आठ तास. मध्ये वीज गेली की पहिल्यापासून. बॅटरीचा डबा घेतला आहे, तो वीस मिनिटं तग धरतो आणि मग टिटवीसारखा ओरडतो.

समोरच्या गाळ्यात कॉम्प्युटर क्लास चालवणारी रेश्मा आहे, इथल्या कोळंबे मास्तरांची सून. मी अडलो की तिला बोलावतो. ती मला काका म्हणते आणि शिकवताना 'काका, घाबरू नका, ते चावत नाय' असं म्हणते. परवा तिच्यासमोर मी जिवलीचं नाव लिहायला बसलो. फिल्मच्या सुरुवातीला नाव हवं, आणि नावाखाली मी दोन ओळी रचल्या होत्या:

हळद ओली अंगावरची, डोळ्यांत ओला गाव,
मागे वळुनी पाहशील तर उंबऱ्यास दे नाव.

मोठ्या नाहीत, पण चालीवर म्हणता येतात. तर दामू, हे सॉफ्टवेअर इंग्रजी नावं सोन्याच्या अक्षरात काढतं, फिरवतं, उडवतं. आपली अक्षरं दिली की तोंड फिरवतं. ज-ला दिलेली वेलांटी उडी मारून व-वर जाऊन बसते. पडद्यावर आलं 'जविली'. पुन्हा लिहिलं, पुन्हा जविली. रेश्मा म्हणाली, "काका, त्याला मराठी येत नाय, त्याचा दोष नाय." शेवटी ती बाजारपेठेतल्या पत्रिका छापणाऱ्याकडे गेली, त्याच्याकडून नाव चित्रासारखं करून आणलं आणि तिथे चिकटवलं. आता बरोबर दिसतं. जिवली.

नाव झालं आहे. बाकीचं होत आलं आहे.

आवाजाचं थोडं राहिलं आहे. माणूस आधी तोंड हलवतं आणि बोल मागून येतात. ते जुळवायला वेळ लागतो. गणपतीपर्यंत थांब.

कमळाकर


मुरबाड, २४ ऑक्टोबर २००४

दामू,

दसऱ्याच्या आदल्या दिवशी तू येऊन गेलास असं रेश्माने सांगितलं. शटर बंद होतं म्हणून पायरीवर तासभर बसलास, मग तिने दिलेलं पाणी प्यायलास आणि शेवटच्या गाडीने गेलास. मी वैशाखऱ्याच्या बाजूला ऑर्डरीवर होतो. आधी कळवलं असतंस तर थांबलो असतो.

तू रेश्माला विचारलंस म्हणे, "ती यंत्रात हाय ना नक्की?" ती म्हणाली, काका म्हणतात तर असेल. तुझ्या हातात नाचणीच्या पिठाची पिशवी होती ती तिच्याकडे ठेवून गेलास. मला मिळाली. भाकरी केली.

एक अडचण आली आहे, ती तुला सांगायला हरकत नाही. लग्नसराईत कॉम्प्युटरमधली जागा भरते. चाळीस लग्नं त्यात मावत नाहीत. तेव्हा माझ्यासारखे सगळे काय करतात, झालेलं काम एका सीडीवर काढून ठेवतात आणि आतली जागा मोकळी करतात. जिवलीचं काम मी तसं सीडीवर ठेवलं होतं. जूनच्या आधीच ठेवलं होतं. घरचंच काम म्हणून ते मागे राहिलं होतं, दुसऱ्यांच्या मुली पुढे गेल्या. ती सीडी मी कपाटात गुरुजींनी बक्षीस दिलेल्या कवितांच्या पुस्तकात घालून ठेवली होती, हरवू नये म्हणून.

ती सीडी आता उघडायला थोडा त्रास देते आहे. रेश्मा बघते आहे.

ते पुस्तक उघडलं तेव्हा आतल्या पानावर तुझं नाव सापडलं. मी लिहिलं नव्हतं. बक्षीस मला मिळालं आणि नाव तू घातलंस. केव्हा घातलंस?

तुला आठवतं का, इन्स्पेक्टरसाहेब आले होते तेव्हा मी कविता म्हणत होतो. सहा कडवी. मी चौथं विसरलो आणि तिसऱ्यावरून सरळ पाचव्यावर गेलो, चाल न मोडता. साहेबांना कळलं नाही. गुरुजींना कळलं नाही, ते खूश होऊन मान हलवत होते. तू मागच्या रांगेत होतास, तुला तर दोन ओळी धड पाठ व्हायच्या नाहीत. पण बाहेर आल्यावर तू म्हणालास, "मधलं एक खाल्लंस." तुला शब्द ठाऊक नव्हते, भोक ठाऊक होतं. गुरुजींना मात्र सांगितलं नाहीस.

हे का लिहिलं, माहीत नाही. दिवाळीनंतर काम होईल.

कमळाकर


मुरबाड, १२ जानेवारी २००५

दामू,

या पाकिटात सीडी आहे. फिल्म झाली.

पाड्यावर मास्तरांकडे सीडी प्लेअर आहे असं तू कार्डात लिहिलं होतंस, त्यावर चालेल. सकुबाईला पुढे बसव, तिला डोळ्यांनी कमी दिसतं.

बारा मिनिटांची आहे. लांब फिल्म कोणी बघत नाही. सुरुवातीला सिद्धगड आहे, उन्हं उतरतानाचा, मग जिवलीचं नाव आणि त्या दोन ओळी. मग हळद. हात, हातांतला चुडा, पायांवरचं पाणी. मंडपात ती मान खाली घालून बसली आहे. बाशिंग आणि मुंडावळ्यांमुळे चेहरा फारसा दिसत नाही, आणि जिवली लाजरीच होती. पाठमोरी पुष्कळ आहे. तुम्ही दोघं फारसे दिसत नाही, याचं वाईट वाटून घेऊ नकोस, गर्दीत तसं होतं. एक चित्र दुसऱ्यात विरघळतं ते बघ. तांदूळ उडतात ते मी मंद केले आहेत, पाखरं उतरावीत तसे उतरतात. आपल्या दोन व्हीसीआरवर हे जन्मात झालं नसतं. कुठे काय जोडलं आहे ते मलाही आता शोधून सापडणार नाही, इतकं ते बेमालूम आहे.

सावकाश बघा.

कमळाकर


मुरबाड, ९ मार्च २००५

दामू,

काल तू आलास. शटर उघडं होतं. तू आत आला नाहीस, बस म्हटलं तर बसला नाहीस. पायरीवर उभा राहून तू माझ्याकडे न बघता कॉम्प्युटरकडे बघत बोललास. तू काय बोललास ते मी इथे लिहून ठेवतो, कारण तू गेल्यावर मला ते दुसऱ्या कोणी सांगितल्यासारखं वाटायला लागलं आणि मी मुळातच तसा आहे, नको ते गाळणारा.

तू म्हणालास, "हातावर गोंदन नाय, कमळू."

मी खुर्चीतून उठलो.

"डाव्या मनगटावर. तुळस आन् खाली तीन ठिपके. सकूनंच बसवलेली तिला गोंदायला, रडत व्हती. पोरगी कोनाची हाय ती?"

मी म्हटलं, सरळगावची. कुणाली.

तू मान हलवलीस. जणू पत्ता विचारला आणि मी सांगितला. मग म्हणालास, "सकू रोज जाते मास्तरांकडं. रोज बगते. तिला हात दिसत नाय, नाव दिसतं, हिरवं पिवळं दिसतं. परवा तिनं काचेला हात लावला. मास्तरीन रडली. तू कडवं खाल्लंस तेवा मी गुरुजींना बोललो व्हतो का? नाय बोललो. आताबी कोनाला नाय बोलनार. तिला बगू दे."

आणि गेलास. मी तुला हाक मारली नाही.

आता सगळं लिहितो, पहिल्यापासून.

सीडीवर जिवली नव्हती. कधीच नव्हती. सॉफ्टवेअर दोन गोष्टी ठेवतं. एक म्हणजे टेपवरून ओतलेलं खरं चित्र, ते खूप जागा खातं. दुसरी एक चिमुकली फाइल, जिच्यावर आपण फिल्मला दिलेलं नाव असतं. मी नाव वाचलं, 'जिवलीचं लग्न', आणि तीच फाइल सीडीवर काढली. मला वाटलं फिल्म तिच्यात आहे. तिच्यात फक्त यादी असते, कुठलं चित्र कुठून घ्यायचं आणि कशाच्या पुढे ठेवायचं त्याची. रेश्माने ती उघडली तेव्हा पडद्यावर सगळे तुकडे ओळीने उभे होते, हळद, कन्यादान, पाठवणी, प्रत्येकाची लांबी बरोबर, आणि प्रत्येकाच्या आत लाल चौकोन. ती म्हणाली, "काका, चित्रं कुठायत?" मी म्हटलं, ही काय. ती म्हणाली, "ही अनुक्रमणिका हाय, काका. पुस्तक कुठाय?"

पुस्तक मी मे महिन्यातच पुसलं होतं. जागा हवी होती. आणि टेप? टेपवर मी दुसरं लग्न उतरवलं. पूर्वी आपण कॅसेट गिऱ्हाइकाला देऊन टाकायचो म्हणून ती राहायची. आता गिऱ्हाइकाला सीडी मिळते आणि टेप माझ्याकडे उरते, म्हणून ती पुन्हा वापरायची. सगळे वापरतात. जिवलीच्या टेपवर कुणालीचं लग्न आहे. जिने तिला पुसलं तिचेच हात कापून मी तुला जिवली म्हणून पाठवले.

पहिलं पत्र लिहिलं तेव्हा हे मला ठाऊक नव्हतं, एवढंच माझ्या बाजूने आहे. दुसरं लिहिलं तेव्हा ठाऊक होतं. सॉफ्टवेअरच्या तक्रारी ज्या लिहिल्या त्या सगळ्या खऱ्या आहेत, वीज, रेंडर, वेलांटी, तोंड आणि आवाज. मी त्या एकेक करून तुझ्यापुढे मांडत गेलो आणि त्यांच्या मागे बसून राहिलो. दसऱ्याच्या आधी तू पायरीवर बसलास तेव्हा मी वैशाखऱ्याला नव्हतो. शटरच्या आत होतो, अंधारात, स्टुलावर. तू खोकलास तोही ऐकला. दहाव्याला आलो नाही ते ऑर्डरींमुळे नाही. जिवलीचं काम अजून पुरं केलं नाही हे तोंडावर दिसेल म्हणून आलो नाही.

खोटी फिल्म करताना रेश्मा शेजारी होती. तिला मी सांगितलं की मुलीच्या बापाला समाधान. आता ती मला अडलं तरी शिकवायला येत नाही. समोरून जाताना मान हलवते, एवढंच. परवा मी हाक मारली तर दारातूनच म्हणाली, "काका, तुमाला आता सगळं येतं."

चुकलं तर एक कळ दाबायची, असं मी तुला लिहिलं होतं. ती कळ मी पुष्कळदा दाबून पाहिली आहे.

कमळू


मुरबाड, १४ मे २००५

दामू,

तू उत्तर देणार नाहीस हे धरूनच लिहितो आहे. परवा जिवलीच्या लग्नाला तीन वर्षं झाली.

त्या दिवशी मी कुणालीची टेप कॅमेऱ्यात घातली. मला तिचा डावा हात पाहायचा होता. तुला जे एका नजरेत दिसलं ते करताना मला का दिसलं नाही, हे पाहायचं होतं. हात कोरा आहे, गोरा आणि कोरा. टेप बंद करायचं सुचलं नाही, मी बसून राहिलो. कुणालीची गाडी गेली, लोक पांगले, तिथे माझं त्या दिवशीचं शूटिंग थांबलं. टेप ओतताना मी नेहमी इथेच थांबतो. पुढे निळा पडदा येतो असं मी धरून चाललो होतो.

निळा आला नाही. पडदा एकदा फाटल्यासारखा झाला आणि जिवली दिसली.

दामू, कुणालीचं लग्न टेपपेक्षा थोडं लहान होतं. तुझ्या अंगणात टेप शेवटपर्यंत चालली होती, पाठवणीत ती संपली आणि मी वैतागलो होतो, आठवत असेल. त्या शेवटावर कुणाली पोचलीच नाही. एकोणीस सेकंद राहिले आहेत. मी मोजले, तुझ्या पद्धतीने आणि यंत्राच्या पद्धतीनेही.

त्यात काय आहे ते सांगतो, कारण त्यात तू आहेस, आणि दिसत नाहीस.

तिन्हीसांजा उलटून काळोख पडला होता. लाइट धरणारा धाऊ जेवून कुठेतरी नाहीसा झाला होता. मी चिडलो आणि जळता हॅलोजन तुझ्या हातात दिला. म्हणालो, तुझ्यासारखा लाइट कोण धरणार. मुलगी सासरी निघाली होती आणि मी तिच्या बापाच्या हातात दिवा दिला. तू घेतलास. अकरा वर्षं माझ्या बोटाकडे बघायची सवय होती तुला.

जीपचं दार उघडं आहे. जिवली आत बसली आहे, बाशिंग काढलेलं, कुंकू थोडं पसरलेलं. चेहरा पूर्ण दिसतो. प्रकाश सरळ डोळ्यांवर आहे म्हणून ती डावा हात कपाळावर आडवा धरते. मनगटावर तुळस आहे आणि खाली तीन ठिपके आहेत. मग ती कॅमेऱ्याच्या बाजूला, तू जिथे उभा होतास तिकडे बघून म्हणते, "बाबा, लाइट खाली कर ना. तुजं तोंड दिसत नाय."

हे बोल आणि ओठ बरोबर जुळतात.

मी याचा एक फोटो काढला आहे. सॉफ्टवेअर ते करतं, म्हटलं होतं तसं करतं. तो या पाकिटात आहे. चेहरा अर्धा हाताखाली आहे. छापणारा म्हणाला, हात काढून टाकता येईल, हल्ली येतं. मी नको म्हटलं. हातामुळेच ती जिवली आहे.

सोबत मूळ टेप आहे. पाड्यावर ती चालवायला यंत्र नाही, मला माहीत आहे. तुम्ही म्हणाल तेव्हा मी कॅमेरा घेऊन येईन, त्याच्या बाजूच्या लहान पडद्यावर दिसतं. सकुबाईला खरं दाखवलं तर खोटं होतं हे तिला कळेल, आणि ती रोज ज्या मुलीला हात लावते ती परकी होईल. नाही दाखवलं तर तिची मुलगी तुझ्या पेटीत राहील. हे मी ठरवू शकत नाही. मी फार ठरवलं. टेप तुझ्याकडे असावी. माझ्याकडे असली तर एखाद्या लग्नसराईत माझा हात तिच्यावर जाईल, मी माझ्या हाताला ओळखतो.

एक राहिलं.

ती बोलल्यावर उजेड हलतो. तू दिवा खाली केलास. पडदा काळा होतो, काहीच दिसत नाही, जीपचं इंजिन तेवढं ऐकू येतं. मग त्या काळोखात माझा आवाज येतो, मोठा, हुकमी. "दामू, वर धर." आणि उजेड वर येतो. तोवर जीप हलली आहे, तिची पाठ आहे, टेप संपते.

तो काळोख मी मोजला. पुन्हा पुन्हा मोजला. एक, दोन, अडीच. माझा शब्द यायच्या आत तेवढा वेळ तुझ्या हातातला दिवा खाली होता आणि तिच्या डोळ्यांवर काही नव्हतं. तेवढ्यात तिने तुझं तोंड पाहिलं असेल. टेपवर ते नाही. कुठलंही सॉफ्टवेअर ते बाहेर काढू शकत नाही, मी उजेड वाढवून पाहिला, नुसते दाणे येतात. धंद्यात अशा जागेला वेस्ट म्हणतात आणि आधी तीच कापतात.

मी ती कापलेली नाही.

कमळू